जरा लांब बस

आपल्या अंगाला मेंढरांचा वास येतो, हे बिरुदेवला शाळेत कळलं. तोवर त्याला वाटायचं, माणसाला असाच वास असतो. आईच्या लुगड्याला तोच, बापाच्या घोंगड्याला तोच, अंथरुणाला तोच. मास्तरांनी त्याला खिडकीजवळ एकट्याला बसवलं तेव्हा आधी तर आपल्याला मोठा मान मिळाला असंच त्याला वाटलं होतं. मधल्या सुट्टीत पोरांनी नाकं धरून खरं कारण सांगितलं.

त्या दिवसापासून त्याला लांब बसायची सवय लागली ती कायमची. एसटीत मागचा बाक धरायचा, हॉटेलातला चहा बाहेर उभ्यानं प्यायचा, पंगतीत अगदी शेवटची जागा बघायची. कुणी नाक मुरडायच्या आधी आपणच सरकलेलं बरं, असा त्याचा हिशेब. पुढं मिशा पिकल्या, मोठा कळप झाला, वस्तीवरची पोरंसोरं आण्णा म्हणू लागली, तरी नवीन माणूस शेजारी आला की गड्याचं पहिलं लक्ष स्वतःच्या सदऱ्याकडं जायचं. एरवी ही हसून सोडून देण्यासारखी गोष्ट होती.

त्याची आई केराबाई मोरीत घसरून पडली आणि तिचा खुबा मोडला. ऑपरेशन झालं. हाड जुळेल, पण म्हातारीला उठून बसायला बरेच महिने लागतील, तोवर तिला सारखं कुशीवर वळवायला, धुवायला-पुसायला माणूस पाहिजे, असं डॉक्टरांनी बजावलं. नेमकी दिवाळी झालेली. दिवाळीनंतर या मेंढपाळांच्या घराला कुलूप लागतं. वळसंगकडच्या माळावर तेव्हा चरायला काही उरत नाही, मग बिऱ्हाड घोड्यावर लादून मेंढरं दुधनीच्या पलीकडं कर्नाटकात उतरवायची आणि पावसाच्या तोंडाला परत यायचं. एकानं कळपामागं चालायचं, एकानं बिऱ्हाडामागं. खुबा मोडलेल्या म्हातारीला घोड्यावर कशी बसवणार?

"मी ऱ्हाते मागं," त्याची बायको विजयमाला म्हणाली.

"तुजी कंबर तुला धड उचलू देत न्हाय, आईला कुटनं उचलशील?" बिरुदेव म्हणाला. त्याचंही खोटं नव्हतं.

मग कुणीतरी सोलापुरातलं एक नर्सिंग होम सांगितलं. विजापूर रोडच्या आतल्या बाजूला नवी कॉलनी, तिच्यात दोन मजली बंगला, दारात तुळस, फरशी अशी की वहाण काढून ठेवावी. आत शिरलं की फिनेलचा घमघमाट. तिथल्या मॅडम गोड बोलणाऱ्या. "मामा, तुम्ही निर्धास्त जा. त्या आता आमच्याही आई." जन्मभर कळप कोंडायच्या वाघरीच्या जाळ्याशेजारी, मेंढरांच्या कुशीत झोपलेली आपली आई आता पंख्याखाली पांढऱ्या गादीवर झोपणार, याचं बिरुदेवला केवढं कौतुक वाटलं. त्या साली वाटेत भेटेल त्याला त्यानं हे सांगितलं. सांगताना छाती दोन बोटं पुढं यायची.

सवड मिळेल त्या रविवारी कळप मेव्हण्यावर, शहाजीवर, सोडून तो दुधनीहून गाडी धरायचा. भेटायला दुपारची ठरलेली वेळ होती. त्या वेळी बघावं तर प्रत्येक खाटेवर करकरीत सोलापुरी चादर गळ्यापर्यंत ओढलेली, म्हाताऱ्यांच्या तोंडाला पावडर, केस चापून बसवलेले. केराबाईचे केस मात्र त्यांनी कानापर्यंत कापून टाकले होते. "धुवायला सोपं जातं," मॅडम म्हणाल्या. बिरुदेवला ते आवडलं नाही, पण शिकलेल्या माणसांचं काहीतरी कारण असेल म्हणून त्यानं मान डोलावली.

ऊन वाढायला लागलं तसा त्या खाटेजवळ वास यायला लागला.

पावडरीखालून, फिनेलखालून, एक गोडसर, घशाला चिकटणारा वास. तो बिरुदेवला चांगला ठाऊक होता. मेंढरं कातरताना कुठं कात्री लागते, उन्हात त्या जखमेवर माशी बसते, आणि जखम आतून सडून तिच्यात किडे होतात. असलं जनावर कळपातनं बाजूला जाऊन उभं राहतं. मेंढक्यानं नाकानं माग काढायचा, जनावर आडवं पाडायचं, लोकर बाजूला करून जखम धुवायची आणि सीताफळीचा पाला ठेचून भरायचा. या कामात बिरुदेवचा हात धरणारा त्या मुलखात कुणी नव्हता. लांबच्या लांब कळपांवरून त्याला बोलावणं यायचं.

अशा माणसाला कळू नये? पण तेच तर आहे. त्या दिवसांत कातरणी चालू होती. आदल्याच दिवशी त्यानं दोन जनावरांच्या जखमा धुतल्या होत्या, आणि तो वास हाताला कसा चिकटून बसतो हे त्याच्याइतकं कुणाला माहीत? खाटेजवळ वाकला, वास आला, आणि जन्मभराच्या सवयीनं त्याला एकच गोष्ट सुचली. आपण अंग घासून आलो नाही. एवढ्या स्वच्छ जागी, एवढ्या मोठ्या लोकांत, आपण मेंढरांची घाण घेऊन आलो. तो शरमून दोन पावलं मागं सरकला.

त्याच वेळी मॅडम खोलीत आल्या. त्यांनी नाकाला रुमाल लावला, त्याच्या धोतराकडं एक नजर टाकली आणि समजावल्यासारखं म्हणाल्या, "मामा, राग मानू नका. तुम्ही जनावरांतून येता. पेशंटला इन्फेक्शन होतं. जरा लांब बसत जा."

या बाईला तो वास कुठून येतोय हे माहीत नव्हतं असं कुणी म्हणेल तर म्हणो. बिरुदेवनं मात्र मान खाली घातली. "व्हय, व्हय. चुकलं," म्हणाला आणि स्टूल उचलून दाराजवळ नेलं.

आई तरी काही बोलेल असं त्याला वाटलं. केराबाईनं चादर हनुवटीपर्यंत ओढली आणि भिंतीकडं बघत म्हणाली, "खरं हाय त्येंचं. जरा लांब बस, बाबा."

हे त्याला लागलं. मास्तर बोलले होते, पोरं बोलली होती, पण ही बाई त्याच मेंढरांत म्हातारी झाली होती. चार दिवस पंख्याखाली झोपली आणि हिलाही पोराचा वास यायला लागला. परतीच्या गाडीत तो मागच्या बाकावर बसून गुपचूप रडला.

पुढच्या वेळी येताना त्यानं स्टँडजवळच्या नळावर दगडानं हात घासले. त्याच्या पुढच्या वेळी अगरबत्तीचे पुडे आणले आणि आईच्या उशाशी लावायला सांगितले. तिथं कामाला गोजाबाई नावाची आया होती, मजल्यावरच्या सगळ्या म्हाताऱ्यांना उचलायला-ठेवायला ती एकटीच. तिनं पुडे हातात घेतले आणि त्याच्याकडं असं बघितलं की आता काहीतरी सांगेल. मग मॅडमची चाहूल लागली आणि ती अगरबत्ती पेटवायला लागली. आईची नखं वाढून त्यांत काळं साचलं होतं, ओठ फुटले होते, पाण्याचा तांब्या तिचा हात पुरणार नाही इतक्या लांब ठेवला होता. दारातून हे त्याला दिसलं. पण उठून तांब्या जवळ सरकवायचा तर खाटेजवळ जावं लागणार. त्यानं तिथूनच विचारलं, "आये, बरी हाईस न्हवं?"

"बरी हाय की. जा आता. मेंढरं वाट बगत असतील."

तो जायचा. हल्ली तर वेळ संपायच्या आधीच जायचा. तिला त्रास नको म्हणून.

मग वळसंगला विजयमालाच्या बहिणीच्या पोरीचं लग्न निघालं. कळप शहाजीवर टाकून नवरा-बायको आठवडाभर आधीच लग्नघरी गेले. आठवडाभर मेंढराला हात लागला नाही. रोज साबणानं आंघोळ, हळदीच्या दिवशी हळद, लग्नाच्या दिवशी नवं धोतर-सदरा, आणि वराकडच्या कुणीतरी मनगटाला फासलेलं अत्तर. लग्न उरकल्यावर बिरुदेव विजयमालाला म्हणाला, "चल, आईला लाडू दिवून यिऊ." त्याच्या मनात वेगळंच होतं. आज आपण नवरदेवासारखे वास मारतोय. आज खाटेला खेटून बसू. आईच्या हाताला हात लावू.

विजयमाला तिथं पहिल्यांदाच येत होती. पायऱ्या चढतानाच तिनं पदर नाकाला लावला. बिरुदेवनं खोलीत शिरल्या शिरल्या स्टूल उचललं आणि मोठ्या ऐटीत खाटेजवळ ठेवलं. "आये, बग कोण आलंय," म्हणून तो वाकला.

वास आला. पहिल्यापेक्षा जास्त.

त्यानं हात नाकाशी नेला. अत्तर. सदऱ्याची बाही हुंगली. अत्तर. दुसरा हात हुंगला. तिथं हळदीचा जरासा वास. तो वेड्यासारखा स्वतःलाच हुंगत उभा राहिला, आणि मग बायकोकडं वळून अगदी हळू आवाजात त्यानं विचारलं, "मला वास मारतोय का गं?"

"तुमाला न्हाय," विजयमाला म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

शेजारच्या खाटेवर बसम्मा होती, दुधनीची कानडी म्हातारी. महिनोनमहिने ती हे लांबचं बसणं बघत होती. मुलूख फिरल्यामुळं बिरुदेवला कानडी येत होती. ती कानडीतच म्हणाली, "पाठीकडून बघ, बाबा. पुढून काय बघतोस?"

बिरुदेवनं चादरीला हात घातला. केराबाईनं ती दोन्ही मुठींनी धरून ठेवली. एवढ्याशा मुठी, पण सुटता सुटेनात. "नगं रं. नगं बगू. झाक," ती म्हणत राहिली. विजयमालानं तिची बोटं एकेक करून सोडवली.

वरची चादर करकरीत होती. खालची ओली होती, आणि ती आजची ओली नव्हती. दोघांनी मिळून म्हातारीला कुशीवर वळवलं. कमरेच्या खाली, माकडहाडावर, जिथं अंगाचा सगळा भार गादीवर पडतो तिथं बिरुदेवनं जे बघितलं ते ओळखायला त्याला क्षणही लागला नाही. दर उन्हाळ्यात तो ते बघत आला होता. माणसाच्या अंगावर मात्र कधी बघितलं नव्हतं.

विजयमाला ओली चादर खालून ओढून काढायला लागली. बिरुदेव उभाच राहिला. मेंढरू कळपातनं बाजूला झालं की दुपारच्या आत त्याच्या ध्यानात यायचं. आईला त्यानं दारातून बघितलं होतं, रविवारमागून रविवार.

मॅडम आल्या तेव्हा त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. "ह्ये काय हाय?" एवढंच त्यानं विचारलं.

"हे बघा मामा, अंथरुणाला खिळलेल्या पेशंटला बेडसोअर होतातच. वयाचाही भाग असतो. आम्ही ड्रेसिंग करतो."

"कवा केलतं?"

मॅडमनी गोजाबाईकडं बघितलं. गोजाबाईनं जमिनीकडं बघितलं. "एकटी बाई मी, कुणाकुणाला फिरवू?" ती पुटपुटली.

कोंडीत सापडलेलं माणूस असेल नसेल ते काढतं. मॅडम म्हणाल्या, "आणि इतके महिने तुम्ही येताय, एकदा तरी तक्रार केलीत का? तुम्हीच तर दाराजवळ बसायचात."

त्यांनीच त्याला दाराजवळ बसवलं होतं. पण हे वाक्य बिरुदेवला सुरीसारखं लागलं, आणि ते त्यानं उलटवलं नाही. त्यानं बसम्माची परवानगी घेऊन तिचीही चादर उचलली. तिची टाच काळी पडायला लागली होती. तिच्या सांगण्यावरून त्यानं तिच्या पोराला, कल्लप्पाला, दुधनीला फोन लावला. "आजच्या आज या," तो म्हणाला. "आलासा की पांघरूण काढून बगा. बाकीच्या म्हाताऱ्यांच्या घरच्यास्नीबी तेच करायला सांगा. आमच्यागत खुळ्यावानी लांब बसू नगा." विजयमालानं मोबाइलवर फोटो काढले. पुढं तक्रार झाली, चौकशीची माणसं आली, बंगल्याला कुलूप लागलं. कल्लप्पा वेळेवर पोचला आणि बसम्माचा पाय वाचला. हे सगळं चांगलं झालं. केराबाईपुरता मात्र फार उशीर झाला होता.

सरकारी दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी स्वतः उभं राहून जखम धुतली, मेलेलं मांस काढलं, सलाईन लावलं. बाहेर येऊन हातमोजे काढत म्हणाल्या, "विष रक्तात गेलंय, काका. आम्ही प्रयत्न करतोय." मग राहवलं नाही म्हणून विचारलं, "इतके दिवस कुणाला वास नाही आला?"

"आला की," बिरुदेव म्हणाला.

"मग?"

याचं उत्तर त्याच्याकडं होतं. पण ते कुठल्या तोंडानं सांगणार? डॉक्टरीणबाई हातमोजे टाकून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी विजयमालानं कोमट पाण्यात फडकं भिजवून सासूला पुसून काढलं. नखं काढली, हिरड्यांवरनं बोट फिरवलं, चमच्यानं पाणी पाजलं. बिरुदेवनंही दवाखान्याच्या मोरीत लाइफबॉयची नवी वडी फोडून डोक्यावरनं आंघोळ केली. केराबाईला तेव्हा जरा हुशारी आली होती. तिनं डोळे उघडले आणि पोराला जवळ येताना बघून हात वर केला, थांब म्हणाल्यासारखा.

"जरा लांब बस रं."

"का, आये?"

"वास मारतोय माजा." ती तोंड फिरवायला बघत होती, पण मान वळेना. "लई दिस झालं. तू यायचास तवा मला मेल्याहून मेल्यागत व्हायचं. पोरगं एवढ्या लांबनं येतंय, आन् मी ही अशी सडलेली. तुला कळू ने म्हणून घालवून द्यायची मी. तू बी कसा नाक धरून लांब जायचास की."

त्या खोलीत दोन माणसं होती, आणि दोघंही स्वतःलाच लाजून एकमेकांपासून लांब बसली होती. तिला वाटत होतं त्यानं तिच्या वासानं स्टूल उचललं. त्याला वाटत होतं तिनं त्याच्या वासानं तोंड फिरवलं. एकानं जरी तोंड उघडलं असतं तर.

आता खरं सांगून उपयोग काय होता? खरं सांगायचं तर सांगावं लागलं असतं की व्हय, आये, वास तुझाच होता, आणि मी तो ओळखला नाही. बिरुदेव खाटेच्या कडेला बसला. आयुष्यभर जी गोष्ट लपवण्यासाठी तो लोकांपासून सरकत आला, ती त्यानं आईपुढं स्वतः होऊन मांडली.

"तुजा न्हाय गं. माजा हाय त्यो वास. मेंढरांचा. कातरणी चालली हुती न्हवं, तसाच यायचो आंगुळ न करता. त्या मॅडम म्हनल्या न्हाईत का तुज्यासमोर? म्हनून लांब बसायचो मी."

केराबाई त्याच्याकडं बघत राहिली. "तुजा?"

"व्हय."

"आन् आता येतोय त्यो?"

"त्योबी माजाच. आता बी मेंढरातनंच आलोय."

तिच्या कपाळावरची आठी हळूहळू सुटली. "मग आदी सांगायचं न्हाय व्हय?" ती म्हणाली. "मी आपली तुला एवढं दिस लांब बसवलं. ये हिकडं."

त्यानं डोकं तिच्या खांद्यापाशी टेकवलं. तिनं त्याच्या ओल्या, साबणाच्या वासाच्या केसांत नाक घातलं आणि अंगात उरला होता तेवढा जोर लावून एक लांब श्वास घेतला.

"व्हय की," ती म्हणाली. "मेंढरांचाच हाय."

मग तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो काढला नाही. विजयमाला चहा घेऊन आली तेव्हा तो तसाच वाकून बसलेला होता. चहा गार झाला तरी तो उठला नाही, आणि दुपारी नर्सनं नाडी बघून तो हात उचलून बाजूला ठेवला तेव्हाही त्याला तिथून सरकायचं नव्हतं.